ठसका लागेपर्यंत

ताटात वाढलेलं अन्न हुंगून बघणारी सून मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. देवानं ती नेमकी माझ्याच घरात आणून दिली.

भाकरी वाढली की प्रभा ती दोन्ही हातांनी उचलायची, नाकाशी न्यायची, परत ठेवायची. मग आमटीची वाटी. मग पाण्याचा तांब्या. जेवायला बसलीय की चोरीचा माल तपासतेय, कळायचं नाही. आणि हे कुणाच्या घरात, तर माझ्या, चन्नव्वाच्या. गडहिंग्लजला आमचा चटणीचा डंक. उन्हाळा लागला की चार गावच्या बायका मिरच्या आणि मसाल्याचं सामान घेऊन आमच्या छपरात ठाण मांडतात. मोटारीवर लोखंडी मुसळं वर जातात, धाडदिशी उखळात येतात, दिवसभर जमीन हादरत असते. मिरची किती भाजायची, खोबरं कधी उतरायचं, हे मी कढईकडं पाठ करून नुसत्या वासावर सांगते. दुसरीत शाळा सुटली. नवरा गेला तेव्हा पोरगं लहान होतं. या नाकाच्या जोरावर मी घर उभं ठेवलं. असल्या बाईच्या हातचं हुंगून बघायचं म्हणजे तोंडावर थुंकायचंच तेवढं राहिलं.

त्या दिवशी मी विचारलंच.

"काय शोधतीस त्यात?"

"केस जळाल्याचा वास येतोय, आत्या."

"माझं केस पिकल्यात. जळायला अजून वेळ हाय."

माझा मुलगा गुरुपाद हसला. डंकावर कामाला असलेली हौसा पाणी प्यायला आत आली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. प्रभा हसली नाही. तिनं भाकरी बाजूला सारली आणि मांडीवरच्या बाळाकडं बघत राहिली.

बाळ जेमतेम तीन महिन्यांचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी, हुक्केरीला झालं, बारशाला वीरेश नाव ठेवलं, आणि ती नुकतीच परत आली होती. गेली तेव्हा बडबडी, दहावी झालेली, माझ्या एका शब्दाला दोन शब्द परत करणारी पोरगी होती. खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. घरात तलवारीला तलवार पाहिजे. पण माहेराहून आली ती म्यानच तेवढं आल्यासारखी. बोलली तर वासाचं बोलायची.

आणि नाकही कसलं? नसलेला वास तिला यायचा, असलेला यायचा नाही. उन्हानं नासलेलं दूध मी ओतायला बाजूला ठेवलं होतं, ते तिनं घटाघटा पिऊन टाकलं. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. पोराचा लंगोट भरलेला असायचा, मी सोप्यातून आत पाऊल टाकलं की मला कळायचं, आणि ही त्याला मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसलेली. मी म्हटलं, माहेरच्यांनी लाडावलंय, आळस भरलाय. हौसा म्हणाली, काकी, वैनीच्या नाकाला सासर मानवलं न्हाई. त्यावर मी हौसाला दिवसभर कढईपाशी बसवली.

एकदा सकाळी मी पोराला तेल चोळून न्हाऊ घातलं, ओवा-वावडिंगाची धुरी दिली आणि दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं. धुरी दिलेल्या पोराच्या टाळूचा वास घेतला तर म्हातारीला पान्हा फुटेल. प्रभानं टाळूला नाक लावलं. डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. मग मान वर करून, हंड्यातलं पाणी संपलंय म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "ह्येला वास न्हाई, आत्या."

"धुतलेल्या पोराला आणि कसला वास पाहिजे तुला?"

"माझ्या पोराला होता. हुक्केरीत होता. ह्येला न्हाई." मग ती म्हणाली, "डंकबी तेच म्हणतोय."

"काय म्हणतोय?"

"बदललं, बदललं. ऐका की."

बाहेर मुसळं पडत होती. मी ऐकलं. आणि खोटं कशाला बोलू, तिनं सांगितल्यावर मलाही त्या धाड-धाडीत तेच शब्द ऐकू यायला लागले. मी तिला म्हटलं, आज डंकाचं ऐकतीस, उद्या पाटा-वरवंटाबी बोलायला लागंल. पण म्हणता म्हणता पोर उचलून घेतलं होतं, आणि त्या दिवशी परत तिच्या मांडीवर दिलं नाही.

गुरुपादला सांगितलं. तो म्हणाला, बाळंतवात असेल, अशक्तपणा असेल, चार दिवसांनी हंगाम सरला की दवाखान्यात दाखवू. मीही मान हलवली. रात्री पोर माझ्या कुशीत असायचं. ती पलीकडं जागी असायची. अंधारात तिच्या नाकाचा आवाज यायचा, कुत्रं माग काढतं तसा, हळूहळू, थांबून थांबून.

मग पोराला रडं लागलं. दूध पिईना, झोपेना. आमच्यात अशा वेळी दृष्ट काढतात. मीठ, मोहरी आणि देठासकट सुक्या मिरच्या मुठीत घेऊन पोरावरून उतरवायच्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकायच्या. जळत्या मिरचीचा ठसका लागला नाही तर समजायचं नजर जड आहे. मग ठसका लागेपर्यंत पुन्हा उतरवायचं, पुन्हा टाकायचं. ठसका लागला की नजर सुटली.

मी मिरच्या टाकल्या. मिरचीत जन्म गेलेली माणसं आम्ही, पण भाजलेली मिरची वेगळी आणि निखाऱ्यावर जळणारी वेगळी. गुरुपाद खोकत अंगणात पळाला. हौसा दाराला धरून वाकली. मी पोराला पदराखाली घेऊन मागं सरले. प्रभा शेगडीवर वाकून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छाती उचकत होती, पण तिनं नाकाला पदर लावला नाही की पाऊल मागं घेतलं नाही. धुराला हात लावून बघावा तसा हात पुढं केला होता.

"तुम्हाला लागला ठसका?" तिनं आम्हाला एकेकाला विचारलं. मग म्हणाली, "मला न्हाई लागला."

हौसा खोकत खोकत म्हणाली, "मग वैनीला पोतंभर मिरची लागंल."

आम्ही सगळे हसलो. प्रभानं मान वळवून छपराकडं पाहिलं, जिथं मिरचीच्या पोत्यांची थप्पी लागली होती. पोरीच्या नजरेत तिथं काही मोजल्यासारखं दिसलं.

त्यानंतर मी पोराला नजरेआड होऊ देईना. पण वैशाखाचा हंगाम, छपरात पाय ठेवायला जागा नाही, आणि एका दुपारी प्रभा न्हाऊन, वेणी घालून, विभूती लावून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "जावा की डंकावर. पोराला मी बघते. का सून मेली असं समजता?"

उलटून बोलली. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, आली माझी पोरगी जाग्यावर. मी पाळण्याकडं एकदा बघितलं, पोर झोपलेलं होतं. मी गेले.

छपरात नेहमीचा गलबला. कुणाची मिरची जास्त भाजली, कुणाचे धने कमी पडले, मी दोघीतिघींना शिव्या घातल्या, त्या हसल्या. आणि मध्येच माझ्या नाकात काहीतरी टोचलं. भाजक्या मिरचीचा वास गोडसर असतो, तेल सुटलं की आणखी गोड. हा वास कोरडा होता. काळा होता.

"हौसा, मिरची करपवलीस काय गं?"

"न्हाई काकी. माझी कढई आत्ता तर चढलीय."

मी दुसऱ्या कढईपाशी गेले. तिथंही नाही. घराकडं तोंड केलं तसा वास वाढला.

मी या वयात पळते हे बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेल. मधल्या खोलीचं दार बंद. दाराखालच्या फटीतून धूर जमिनीला धरून बाहेर सरकत होता. मी दार ढकललं. आतून कडी. दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"प्रभा, दार उघड."

आतून खोकला आला. मोठ्या माणसाचा, पोट पिळवटून काढणारा. मग तिचा आवाज. खोकल्यानं तुटत होता, पण तुकडा न् तुकडा शांत होता.

"थांबा आत्या. अजून ठसका लागला न्हाई."

मी नवऱ्याचं मरण बघितलंय, पुराचं पाणी उंबऱ्याला लागलेलं बघितलंय. पण त्या एका वाक्याएवढी भीती कशाची वाटली नव्हती. ती खोकत होती आणि ठसका लागला नाही म्हणत होती. अंगाला कळलं होतं, तिला कळलं नव्हतं.

"पोर कुठाय?"

"हितंच. शेगडीपाशी निजवलंय. नजर सुटली की ह्येला वास येईल. मग ह्यो माझाच असंल."

तेवढ्यात बाळ खोकलं. मांजराचं पिल्लू शिंकावं एवढाच आवाज. मग परत एकदा. मग खोकल्यात खंड पडला.

गुरुपाद धावत आला आणि त्यानं दाराला खांदा लावला. आतून ती म्हणाली, "ढकलू नका. शेगडी दाराला लावलीय. निखारं पोरावर पडतील." त्याचा खांदा दारालाच चिकटून राहिला. मग तो पहार घेऊन मागच्या खिडकीकडं पळाला. खिडकीला गज, आतून झडपा लावलेल्या, फटीत गोधडी कोंबलेली. पहारेचे घाव ऐकू यायला लागले. अंगणात डंकावरच्या सगळ्या बायका जमल्या होत्या, नाकाला पदर लावून.

मी उंबऱ्याशी खाली बसले. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. भीतीनं डोकं बंद पडलं होतं, जीभ तेवढी चालू होती, जन्माची सवय.

"प्रभे, कुणाच्या ठसक्याची वाट बघतीस?"

"माझ्या."

"खुळे, तुझ्या ठसक्यानं काय व्हायचंय? ज्येची नजर, त्येला ठसका लागावा लागतो. तवा ती सुटती."

असं कुठंही नसतं. माझ्या आजीनं सांगितलं नाही, तिच्या आजीनं सांगितलं नाही. ते वाक्य तिथं, त्या उंबऱ्यावर जन्माला आलं. बाळाचा आवाज नव्हता.

"मग कुणाची हाय?" तिनं विचारलं.

मी वाकले, गाल जमिनीला टेकवला, तोंड फटीला लावलं आणि तो धूर पाण्यासारखा आत ओढला. घशातून खाली निखारा उतरत गेला. खोकला आला तो थांबेना. डोळ्यांपुढं अंधार झाला, तोंडाला कडू पाणी आलं, तरी मी खोकतच राहिले. तिला ऐकू जावं म्हणून.

"ऐकलंस? माझी. माझीच नजर."

"तुमची?"

"माझी. तू माहेरासनं पोर घेऊन आलीस आणि मला वाटलं, ह्ये माझ्याजवळ पाहिजे, हिच्याजवळ नगं. माझ्या डोळ्यांत पाप आलं. आता ठसका लागला. सुटली. काढ कडी."

"खोटं बोलताय." आता तिच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी हललं. "तुम्ही कवा कुणापुढं वाकला न्हाई. तुम्ही आपली चूक म्हणायच्या न्हाई. मला फसवून पोर न्यायचं हाय तुम्हाला."

ही माझी किंमत होती, इतकी वर्षं ताठ मानेनं जगल्याची. मी खरी नमले तरी कुणाला खरं वाटणार नव्हतं.

"शपथ घ्या," ती म्हणाली. "लिंगाची."

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं. ते हातात घेऊन माणूस पूजा करतो, आणि मेला की त्याच्याबरोबर ते जमिनीत जातं. खरं बोलायलासुद्धा मी त्याची शपथ कधी घेतली नव्हती. मी ते मुठीत धरलं. मागं बायका उभ्या होत्या, ज्यांच्या घरी वर्षभर माझ्या हाताखालची चटणी जाते, ज्यांच्या लेकरांच्या बारशाला मला पहिलं बोलावणं असतं. मी आवाज चढवला, तो त्यांना ऐकू जाणारच होता.

"ह्ये इष्टलिंग हातात धरून सांगते. तुझ्या पोराला नजर लागली ती माझी. मी, चन्नव्वा, सांगते."

मग लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला. शेगडी सरकली. मग कडी.

दार उघडलं तशी धुराची भिंत अंगावर आली. मी हातांनी चाचपत पोर उचललं. दुपट्यात ते ओल्या कपड्याच्या पिळ्यासारखं निपचित होतं. हौसानं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि अंगणात पळाली. तोंड पुसलं, नाकातलं बोटानं काढलं, ओला पदर चेहऱ्यावर फिरवला, पाठीवर थापट्या मारल्या. पोराचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. कुणी श्वास घेत नव्हतं, पोरही नाही, आम्हीही नाही. मग त्याच्या घशात काहीतरी खरवडलं, आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज काढून ते रडलं.

प्रभा दारात उभी होती. डोळे सुजून बंद व्हायला आलेले, नाकातून धार, श्वास शिट्टी मारत होता. ती पोराकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"उतरली?" तिनं विचारलं.

"उतरली," मी म्हटलं, आणि तिथंच खाली बसले.

त्या दिवशी काही बायका भाजलेली मिरची न कुटताच घेऊन गेल्या. त्यांनी जे ऐकलं ते गावभर झालं. आज त्या पोराला मिसरूड फुटलंय, तरी मी रस्त्यानं चालले की अजून एखादी तान्ह्याच्या तोंडावर पदर ओढते. गुरुपाद म्हणाला होता, सगळ्यांना खरं सांगून टाकू. मी म्हटलं, कुणाला काय सांगणार, दार उघडलं ना. आणि शपथेचं विचारशील तर ते मी आणि माझा देव बघून घेऊ.

पोराला गावातल्या डॉक्टरांनी वाचवलं. प्रभाला आम्ही टेम्पोतून मिरजेला नेलं, मनाच्या आजाराच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. माझी जीभ त्याला आजही अडखळते. आवाज ऐकू येणं, संशय, सगळं त्यातलंच म्हणाल्या, कुणाच्या चुकीनं होत नाही, बाळंतपणाच्या आगेमागे उसळी घेतं. मी ऐकत होते, पण माझं मन एकाच ठिकाणी अडकलं होतं.

"नासकं दूध प्यायली ती," मी म्हटलं. "त्या धुरात बसून राहिली. नाकात काय बिघाड हाय?"

"नाक ठीक आहे, मावशी. या आजारात पुष्कळांचं असं होतं. वास नाकापर्यंत पोचतो, पण मनाला जाऊन भिडत नाही. कशाचा आहे ते नीट ओळखू येत नाही, छान वाटत नाही, किळस येत नाही, पळून जावंसं वाटत नाही. आणि कधी कधी नसलेलाच वास येतो."

"म्हणजे नाटक न्हवतं."

"नाही."

"औषधानं येईल परत?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचं नाव घेते. आवाज कमी होतील म्हणाल्या, भीती कमी होईल. वासाचं काही सांगता येत नाही.

बऱ्याच दिवसांनी प्रभा घरी आली. अंगानं उतरलेली, हात किंचित थरथरणारे, औषधानं जड झालेली. पण डोळ्यांत माणूस परत आलं होतं. तरीही घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मधल्या खोलीच्या दारातून जाताना गुरुपाद दुसऱ्या बाजूनं अंग चोरून जायचा. एका संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, आई, मला डोळा मिटायला भ्या वाटतंय. तिच्या भावाला निरोप धाडलाय. तो येऊन तिला हुक्केरीला न्हेईल. पोर हितं राहील.

मी नको म्हटलं नाही. मलाही पोराच्या त्या जांभळ्या ओठांची स्वप्नं पडत होती. मी एवढंच म्हटलं, येऊ दे त्याला.

भाऊ दुपारच्या एसटीनं आला. सोप्यात बसून पाणी प्यायला, मान खाली घालून. गुरुपाद दाराच्या चौकटीला टेकून उभा. प्रभा ट्रंकेशेजारी बसली होती, नेसती साडी, डोक्यावरून पदर, परक्या घरी आल्यासारखी. पोर माझ्या मांडीवर होतं आणि भुकेनं किरकिरत होतं. मी बाटली लावली, त्यानं तोंड फिरवलं. हलवलं, थोपटलं, छपरातून हौसानं येऊन खुळखुळा वाजवला. ते रडतच होतं.

प्रभाचा हात थोडा उचलला गेला आणि परत मांडीवर पडला.

"बघतीस काय?" मी म्हटलं. भीती वाटली की मला कडवटच बोलता येतं.

ती हळू बोलली. औषधानं शब्द ओढत यायचे. "आत्या, डंक बोलायचा थांबला. केसाचा वासबी थांबला. ह्यो माझाच हाय, बदललेला न्हाई, ह्ये मला कळतंय. पण काल तुम्ही न्हाणीत होता, तवा मी पाळण्यात वाकून टाळूला नाक लावलं. काय वाटलं न्हाई. भिंतीला नाक लावल्यागत. आईला काय तरी वाटाय पाहिजे की न्हाई? तुम्ही ठेवून घेताय त्येच बरं हाय. माझं मलाच भ्या वाटतंय."

भाऊ डोळे पुसायला लागला. म्हणाला, "चल ताई, गाडी जाईल." ती उठली, आणि ट्रंक उचलायला माझ्या बाजूला वाकली. तिचा पदर पोराच्या तोंडावरून घासून गेला.

पोर गप्प झालं. एकदम नव्हे, हुंदका गिळत गिळत. मग मान वळवून त्या पदराच्या मागं तोंड न्यायला लागलं, उघड्या तोंडानं, डोळे मिटून, शोधत. पदर दूर झाला तसे परत ओठ काढले. मी त्याला उचलून तिच्याकडं धरलं. पोराचं नाक तिच्या खांद्याला लागलं आणि ते तिथंच रुतून बसलं. तिनं हात वर केले नव्हते. ती माझ्याकडं घाबरून बघत होती, मी तिच्याकडं.

गुरुपाद पुढं आला. "आई, नगं."

"तू गप बस. तुझी पाचावर धारण बसलीय ती बघतोय आम्ही," मी त्याला म्हटलं, आणि भावाला म्हटलं, "तुम्ही जेवूनच जावा. ट्रंक हितंच राहील." मग मी प्रभाकडं वळले.

"ऐक, एकदाच सांगते. तू भितीस, मीबी भिते. ती भीती जायची न्हाई, तिला घरातच ठेवून घ्यायची. सकाळीच सुतार बोलवून मी ह्या घरातल्या आतल्या कड्या काढून घेतल्यात. गोळी माझ्या हातनं खायची, माझ्यापुढं गिळायची. दूध नासलं का, काय जळतंय का, लंगोट भरला का, ह्ये हुंगायला मी जित्ती हाय. पण आईच्या जागी मला बसवू नगंस, ते माझ्यानं व्हायचं न्हाई, मघाधरनं बघितलंस की. धर त्येला, दोन्ही हातांनी. तुला त्येचा वास येत न्हाई तर न येऊ दे. त्येला तुझा येतोय."